कडीच्या रायफलीचं साल

गौरी-गणपती होऊन चारच दिवस झाले होते. सकाळी मी चहा टाकला होता आणि नेहमीप्रमाणे तो दोन कप झाला होता. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्या हाताला एकट्याचं माप अजून बसलेलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "मास्तरचाचा, नसीम बोलतीया. अब्बा पहाटे गेले. दुपारच्या नमाजनंतर नेणार हाय." मी म्हणालो, "बरं." बाप गेल्याचं सांगणाऱ्या पोरीला कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेवढंच निघालं. फोन ठेवला आणि दोन्ही कप समोर घेऊन बसलो... जावं की न जावं, याचा विचार करत. रसूलभाई आणि मी चार वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटी उठलो, रिक्षा केली, पण विचार करण्यात जो वेळ गेला तो गेलाच. कब्रस्तानाच्या दारात पोचलो तेव्हा लोक हाताची माती झटकत परत निघाले होते. मी आत गेलो, ओल्या मातीवर मूठभर माती टाकली आणि नसीमला न भेटता तसाच घरी आलो.

रसूल शिकलगार हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांना माहीत नसणार. कोल्हापुरातल्या एका बोळात, पिठाच्या गिरणीच्या शेजारी, त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक दार, एक लांब लाकडी ओटा, ओट्याला बसवलेला शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. घराणं तलवारींना धार लावणाऱ्यांचं. आजोबांनी तलवारी केल्या, वडिलांनी बंदुका, आणि रसूलभाईंच्या वाट्याला उरलं ते बरंचसं कात्र्या, कुलपं आणि शिवणयंत्रं. पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी वर्षातून एकदा यायचे. निवडणूक लागली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकालानंतर गंजून परत यायच्या, तेव्हा थोडी गर्दी. बाकी दिवस शांत. पण जुनं हत्यार ओळखावं तर रसूलभाईंनीच. नळीला नाक लावायचे, लाकडावरनं अंगठा फिरवायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि सांगायचे... ही अमक्या देशातली, तमक्या सुमाराची, मधे एकदा पडलीय, दस्ता बदललाय. एखाद्या जोशीबुवांनी पत्रिका मांडावी तसं. फरक इतकाच, की जोशीबुवा गिऱ्हाइकाचं तोंड बघून भविष्य सांगतात आणि रसूलभाई तोंडाकडे बघायचेच नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या रायफलीमुळे. आमचं मूळ गाव मलकापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरात शेतीभातीखेरीज सांगण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखी एकच वस्तू, ती रायफल. माझे पणजोबा रामजी हे शिकारीत हाका घालणाऱ्यांचे म्होरके होते. जखमी वाघ शिकारीला आलेल्या गोऱ्या साहेबावर चालून आला तेव्हा पणजोबा नुसती कुऱ्हाड घेऊन आडवे उभे राहिले, आणि त्याबद्दल त्यांना दरबारातून ही रायफल बक्षीस मिळाली, असं मी पाळण्यातल्या गाण्यासारखं ऐकत आलो. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि पुढचं आत जायचं, म्हणून आमच्याकडे तिला कडीची बंदूक म्हणत. काडतुसं वडिलांच्या तरुणपणीच संपली. आमच्या थोरल्या घरचे भाऊबंद मात्र म्हणायचे, कसलं बक्षीस नि कसला वाघ, तुझ्या आजोबानं ती लिलावात घेतली. यावरून गावात दोनदा ताटावरून उठणं झालंय. त्यातल्या एकदा उठणारा मीच.

वडील गेले, परवाना माझ्या नावावर करायचा आला आणि कचेरीतल्या माणसानं विचारलं, "नंबर काय? बनावट कुठली? साल?" मी रायफल बघितली तर नंबराच्या जागी काहीच नाही. गुळगुळीत. कुणीतरी बोळातल्या रसूल मिस्त्रींचं नाव सांगितलं. धाबळीत गुंडाळून रायफल नेली, ओट्यावर ठेवली. त्यांनी धाबळी बाजूला केली, रायफल उजेडात धरली, बराच वेळ फिरवून बघितली आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"पावणं, ही रायफल हाय का भांडं?"

मला कळेना. मग त्यांनी विचारलं, खंडेनवमीला काय करता हिचं? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला काढायची. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध ही रायफल. आधी ती विटकरीची पूड आणि राख घेऊन काथ्यानं लख्ख घासायची, मग लिंबू फिरवायचं, मग हळदकुंकू, झेंडूचा हार. पणजीनं घासली, आजीनं घासली, आईनं घासली, आणि शाळेत असताना मीसुद्धा घासली. देवाच्या ताम्हणासारखी चमकायची. रसूलभाईंनी कपाळाला हात लावला. "नंबर हुता, कंपनीचं नाव हुतं, समदं हुतं. चार पिढ्या घासून घासून पुसून टाकलंसा की. दुश्मनानं केलं नसतं एवढं तुमच्या भक्तीनं केलंय." मी शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. पुरावे जपा म्हणून पोरांच्या डोक्यावर बसलेला. आणि माझ्याच घरात आम्ही दरवर्षी मुहूर्त बघून पुरावा घासत होतो! मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

रसूलभाईंनी भिंगानं शोधलेल्या नंबराच्या उरल्यासुरल्या दोन-तीन आकड्यांवरून परवान्याचं काम कसंबसं झालं. पण मी त्या स्टुलावर जो बसलो तो बसलोच. दर रविवारी दहाच्या सुमाराला जायचं, गिरणीसमोरच्या गाड्यावरचा चहा यायचा, तो ते बशीत ओतून प्यायचे आणि मी कपानं. बोलणं फार नसायचं. ते कानस मारत बसायचे, मी बघत. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, घरी गेलो तर टीव्हीशिवाय बोलणारं कुणी नाही... त्या कानशीच्या आवाजात मला जेवढी सोबत वाटायची तेवढी नातेवाइकांच्या लग्नात वाटत नाही. त्यांचीही बायको आधीच गेलेली. एकुलती एक लेक नसीम, नवऱ्यानं टाकलेली, बापाशेजारीच बसून शिवणयंत्रं दुरुस्त करायची. ती दोघं आणि मी, अशी आमची बैठक.

एकदा मी विचारलं, "रसूलभाई, तुमच्या घराण्याची नोंद कुठं आहे? शिक्का वगैरे?" ते हसले. शेगड्यात धरलेल्या एका बंदुकीचं नळीखालचं लाकूड त्यांनी सोडवलं आणि उलटं करून मला दाखवलं. आतल्या खाचेत, जिथं कधी ऊन लागत नाही आणि कुणाचा हात पोचत नाही, तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. त्यांच्या वडिलांचं अक्षर. काय मोडलं होतं, काय बदललं, पुढं काय बघावं लागेल. "मालकाला ह्ये दिसत न्हाई. ह्ये पुढच्या मिस्त्रीसाठी. त्यानं उघडलं की त्याला कळतंय, आधी कोण बसलं हुतं हितं." मी म्हणालो, "म्हणजे पत्रच की." ते म्हणाले, "व्हय. पण कवा मिळंल त्याचा भरवसा न्हाई."

दुसऱ्या एका रविवारी गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक गृहस्थ बंदूक घेऊन आला होता. कुठल्याशा सरदाराची म्हणून त्यानं ती घेतली होती आणि तसा कागद त्याला लिहून हवा होता. रसूलभाईंनी भिंग लावलं आणि सांगितलं, "सरदार मेल्यावर तीस वर्सांनी जन्मलीया ही." गृहस्थ भडकला, वाटेल ते बोलून गेला. त्या दिवशी मी मांडीवर थाप मारून हसलो होतो आणि म्हणालो होतो, "रसूलभाई, शंभर नंबरी माणूस आहात!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कारण पुढच्याच वर्षी माझी पाळी आली. मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. छोटंसं पुस्तक, गावच्या जत्रेला वाटायचं, मुखपृष्ठावर रायफलीचा फोटो. थोरल्या घरच्यांची तोंडं कायमची बंद करायची, हा खरा हेतू, लपवून काय करायचंय! त्यासाठी साल हवं होतं. पणजोबा १९१८च्या मानमोडीच्या साथीत गेले, हे सगळ्या गावाला माहीत. म्हणजे रायफल त्याच्या आधीची आहे, एवढं सिद्ध झालं की झालं. रसूलभाई म्हणाले, असल्या रायफलींच्या नळीवर खालच्या बाजूला, लाकडानं झाकलेल्या जागी, कधीकधी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. तिथवर तुमची विटकर पोचली नसणार. मी रायफल नेऊन दिली. आठवडाभरानं त्यांनी माझ्यासमोरच दोन बारीक स्क्रू काढले, काडतुसं भरायची खालची नळी पुढं ओढली आणि लाकूड अलगद सोडवलं. आत नळी जशीच्या तशी काळीनिळी, इतक्या वर्षांत उजेड न बघितलेली. फडक्यानं पुसलं. दोन आकडे. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मानमोडीनंतरच्या आठव्या वर्षाचे!

मी म्हणालो, "नीट बघा." ते म्हणाले, "बघितलं. पणजोबांची न्हाई ही, मास्तर." इतकं सरळ. आवाज चढवून नाही, पाडून नाही. पुस्तक छापखान्यात गेलं होतं. मी त्यांना म्हणालो, एवढं कोण उघडून बघणार आहे, तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या, 'साधारण त्या सुमाराची असावी'. असावी म्हणायला काय जातं? ते लाकडावरची धूळ झाडत बसले. मग म्हणाले, "त्या सोन्याच्या साखळीवाल्याला न्हाई दिलं आन् तुमास्नी दिऊ व्हय?" नसीम समोर होती. मला तो अपमान वाटला. मी नको ते बोललो. "कात्र्यांना धार लावणाऱ्यानं इतिहास शिकवू नये," असं बोललो. मी उठलो आणि चालू लागलो, रायफल तिथंच सुटी पडलेली.

चार दिवसांनी पुतण्या संदीपला तिकडे पाठवून ती आणवली. पोरगं रायफल घेऊन आलं, वर निरोप घेऊन आलं, "काका, मिस्त्री म्हणत हुतं, मास्तरांस्नी येकडाव पाठवून दे. पाच मिनटाचं काम हाय." मी म्हटलं, पुन्हा शहाणपण ऐकायला बोलावतोय. गेलो नाही. आणि मग मी जे केलं ते त्याहून वाईट. पुस्तकात ओळ घातली, 'कोल्हापुरातील जाणकारांच्या मते ही रायफल पणजोबांच्या काळातील आहे.' जाणकार! कोल्हापुरात असा जाणकार एकच होता. जत्रेत पुस्तक वाटलं, थोरल्या घरचे गप्प झाले, माझा सत्कार झाला, नारळ मिळाला. तो नारळ हातात घेऊन मी मोटारीत बसलो आणि मला कळलं, की आता त्या बोळात जायला मला तोंड उरलेलं नाही. आधी राग होता, तो दोन-चार महिन्यांत विरून गेला. नंतरची वर्षं गेली ती शरमेत. रागाला निदान ऊब असते, शरमेला तीही नाही. रविवारी दहा वाजले की मी बूट घालायचो, जिना उतरायचो, कोपऱ्यापर्यंत जायचो आणि पेपर घेऊन परत यायचो. एकदा गिरणीपर्यंत गेलो. कानशीचा आवाज येत होता. उभं राहून ऐकला आणि मागं फिरलो... ते आत, मी बाहेर, मधे पंधरा पावलं. ती पंधरा पावलं मी चार वर्षांत टाकली नाहीत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे रसूलभाईंना जाऊन महिना होत आला तेव्हा, मी कपाटातून रायफल काढली. धाबळीत गुंडाळली, परवाना खिशात घातला आणि गेलो. दुकान उघडं होतं. नसीम एका शिवणयंत्रावर वाकलेली, शेगडा रिकामा. स्टूल होतं तिथंच होतं. मी बसलो. ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. इतकी वर्षं का आला नाहीत, एका शब्दानं विचारलं नाही. तेच अंगावर आलं. मी आपणहून सगळं सांगितलं, पुस्तकातली ओळसुद्धा. ती म्हणाली, "ठावं हाय. ते पुस्तक कुणीतरी अब्बांना आणून दिलतं. त्यांनी वाचलं, भिंग लावून. मग म्हणाले, मास्तर येऊ दे, सांगतो. दर रविवारी दोन चहा सांगायचे, चाचा. एक तसाच निवायचा. मग मी प्यायची."

इकडे माझा एक कप जास्तीचा, तिकडे त्यांचा. मी म्हणालो, "नसीम, त्यांना काय सांगायचं होतं गं? तुला माहीत आहे?" ती म्हणाली, "तुमचा पुतण्या रायफल न्ह्यायच्या आदल्या राती— न्हाई, सांजच्याला, बराच येळ तिच्यावरच वाकून बसले हुते. मला काय बोलले न्हाईत." मग तिनं धाबळीकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि दोघांनाही एकाच वेळी तेच सुचलं. तिनं रायफल शेगड्यात धरली. बापाचाच बारीक पेचकस घेतला. दोन स्क्रू. खालची नळी पुढं. मग लाकूड. हात अगदी त्यांचेच, घाई नाही, जोर नाही. लाकूड उलटं करून तिनं दाराच्या उजेडात धरलं आणि न वाचता माझ्या हातात दिलं.

पेन्सिलीची चार ओळींची नोंद. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ठळक, शिस्तीतलं अक्षर. 'साल नळीचं हाय, रायफलीचं न्हवं. नळी मागनं बदललीया, पेचाच्या आट्यांवरनं कळतंय. चाप-कडीचा सांगाडा जुना हाय, पणजोबांच्या वक्ताचा आसंल. माझं बघायचं चुकलं. पुढच्यानं नीट बघावं. रसूल.'

म्हणजे मी छापलेलं खोटं कदाचित खरं होतं. आणि ते मला सांगायला त्या माणसानं निरोप धाडला होता, पाच मिनिटांचं काम म्हणून. जन्मात कुणासाठी खोटं न लिहिणाऱ्यानं स्वतःची चूकही लिहून ठेवली होती, पण अशा जागी, की ती मला तिथं जाऊनच कळावी. मी नसीमला विचारलं, "सांगाड्याचं साल आता कोण बघेल?" तिनं मान हलवली. "अब्बांनंतर हितं कोण न्हाई, चाचा. मला शिलाई मशिनीचंच कळतंय." बाहेर गिरणी चालू होती, पिठाचा वास येत होता. पणजोबांची आहे की नाही, ते आता कधीच कळणार नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते त्या थंड झालेल्या चहांचं. चार वर्षांचे रविवार किती होतात, ते मी मोजलं नाही.

ओट्याच्या खणात त्यांची पेन्सिल होती, चाकूनं तासलेली, बोटभर उरलेली. मी नसीमला विचारून घेतली. त्यांच्या नावाखाली थोडी जागा होती. तिथं लिहिलं, 'आलो होतो. वसंत.' मग लाकूड तिच्या हातात दिलं, तिनं ते जागेवर बसवलं, स्क्रू पिळले आणि नळीवर तेलाचा एकच थेंब टाकून फडक्यानं पुसला. म्हणाली, "उद्या पूजा करा, पण घासू नका बरं का." बोळातून चहावाल्याचा पोऱ्या जाताना दिसला तेव्हा तिनं त्याला हाक मारली आणि दोन चहा सांगितले.